फ्रेंच घरांतल्या बिनलेबलच्या बाटल्या: हिरवे अक्रोड, कासिस, जाँस्यान, जेनेपी वगैरे

इझेरकाठची

फ्रेंच लिकर (फळं-वनस्पतींच्या चवीची गोड दारू) म्हटलं की शार्त्रूझ, क्वाँत्रो, बेनेदिक्तीन ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. मला लिहायचंय ते दुकानात न मिळणाऱ्या बाटल्यांबद्दल. आल्प्सच्या कुशीतल्या ग्रेनोब्ल शहराच्या आसपासच्या गावांत कुणाकडे जेवायला गेलं की जेवणाआधी तळघरातून एक बाटली वर येते. तिच्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर पेनाने फळाचं नाव आणि साल. बास. पेले एवढेसे. सोबत ऑलिव्ह, खारे दाणे, सुक्या सॉसेजच्या चकत्या. या वेळेला इथे सगळे 'आपेरो' म्हणतात आणि ती तासभर तरी चालते.

माझं म्हणणं असं की फ्रान्सची खरी परंपरा ही आहे आणि मोठ्या कंपन्या तिच्यावरच पोसल्या गेल्या. वाद घालायला सगळे मोकळे आहेत.

सुरुवात अक्रोडापासून करते, कारण हा मुलूखच अक्रोडाचा. ग्रेनोब्लच्या अक्रोडाला १९३८ पासून नामांकनाचं संरक्षण आहे. पण 'व्हँ द न्वा', म्हणजे अक्रोडाची वाइन, पिकलेल्या अक्रोडाची होत नाही. त्याला लागतो हिरवा, कच्चा, सालीसकट अख्खा अक्रोड, तोही २४ जूनच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या आसपास तोडलेला. आत कवच धरलेलं नको. सुई टोचून बघतात, आरपार गेली तर फळ चालेल. हंगाम पुढे सरकला की कवच टणक होतं, मग थेट पुढच्या जूनची वाट बघायची.

आमच्या बाजूला चालणारं माप असं: ४० अक्रोड, प्रत्येकाच्या चार फोडी. ५ लिटर साधी रेड वाइन (भारी बाटल्या अजिबात वाया घालवू नका), १ लिटर ४० टक्क्यांची ओ-द-व्ही (फळांची गाळलेली दारू), १ किलो साखर, एका संत्र्याची साल, वाटलं तर दालचिनीचा तुकडा किंवा व्हॅनिलाची शेंग. मोठ्या काचेच्या बरणीत ४० दिवस अंधारात. अधूनमधून हलवायचं. मग गाळून बाटल्या भरायच्या आणि निदान नाताळपर्यंत त्यांच्याकडे बघायचं नाही. वर्ष काढलं तर तुरटपणा बसतो आणि चव खुलते. काळसर तपकिरी रंग, आधी कडवट, मग गोड, शेवटी पुन्हा जिभेवर अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा.

फोडी करताना हातमोजे घाला. हिरव्या सालीचा रस हाताला लागला की बोटं आठवडाभर काळी राहतात आणि साबणाने काहीही होत नाही.

हे झालं जूनचं. अशी वर्षभराची रांग असते. जानेवारी-फेब्रुवारीत प्रोव्हाँसकडे कडू संत्र्यांची वाइन, ती रोझे वाइनमध्ये. वसंतात काटेरी रानआलुबुखाराच्या कोवळ्या डिऱ्यांची, ही पश्चिमेला व्हाँदे भागात फार. जुलैत कासिस आणि चेरी. उन्हाळा सरताना पीचची पानं, हो, फळ नाही, पानं. शरदात क्विन्स या तुरट फळाचं राताफिया (दारूत मुरवलेलं गोड पेय) आणि थंडी पडल्यावर त्याच रानआलुबुखाराची निळी फळं. आपल्या आज्या जशा चैत्रात कैरी आणि पौषात मिरची-लिंबू बघून बरण्या काढायच्या, तसाच हिशेब.

बाकीचं तुम्ही लिहा. दीजाँवाले, ओव्हेर्न्यवाले कुठे आहेत?

पोटोबा

वाचूनच घोट घेतल्यासारखं झालं. एक बाळबोध शंका. वाइनमध्ये साखर आणि फळ घालून ४० दिवस ठेवलं तर ते पुन्हा आंबणार नाही का? किंवा व्हिनेगर? आमच्याकडे उघडी राहिलेली वाइन चौथ्या दिवशी कोशिंबिरीत जाते.

बंड्या केमिस्ट

ओ-द-व्ही त्यासाठीच आहे. हिशेब करून बघू. ५ लिटर वाइन साडेबारा टक्क्यांची धरली तर शुद्ध अल्कोहोल सुमारे ६२५ मिली. १ लिटर ४० टक्क्यांच्या दारूत ४०० मिली. एकूण १,०२५ मिली. साखर विरघळून जागा खाते ती धरली तर सगळं मिळून साडेसहा लिटरच्या थोडं वर. म्हणजे साडेपंधरा टक्के. वाइनचं यीस्ट त्या पातळीवर, इतक्या साखरेत, बहुधा माना टाकतं. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंनाही ते मानवत नाही. त्यात हिरव्या अक्रोडाचं टॅनिन. बरणी काठोकाठ भरलेली असेल तर फार काळजी नको.

माप कमी केलं की गडबड. 'मला कमी कडक आवडतं' म्हणून ओ-द-व्ही अर्धी केली तर पोटोबा म्हणतात तसं कोशिंबिरीत जाईल.

ताई, ओ-द-व्ही म्हणजे नक्की कुठली वापरतात?

इझेरकाठची

@बंड्या केमिस्ट, हिशेबाबद्दल धन्यवाद, आता शेजाऱ्यांवर छाप पाडते.

ओ-द-व्ही म्हणजे फळ आंबवून, भट्टीतून काढलेली, रंग नसलेली दारू. ज्यांच्याकडे फळबाग आहे ते आपली फळं गावच्या किंवा फिरत्या भट्टीवर घेऊन जातात. अशा शेतकऱ्याला 'बुय्यर द क्रू' म्हणतात. पूर्वी त्यांना १० लिटर शुद्ध अल्कोहोलपर्यंत करमाफी होती आणि ती बापाकडून मुलाकडे जायची. १९६० मध्ये सरकारने वारसा बंद केला. ज्याच्याकडे हक्क होता तो त्याच्यापुरता (आणि मागे राहिलेल्या जोडीदारापुरता) राहिला. त्यावरून गावोगाव लोक अजून कुरकुरतात, जणू कालच झालं.

बाग नसलेल्या माझ्यासारख्यांसाठी सुपरमार्केटमध्ये उन्हाळ्यात 'फळांसाठीची दारू' म्हणून ४० टक्क्यांची, बिनचवीची बाटली मिळते. तुमच्याकडे साधी वोडका चालेल.

सुजाण नागरिक

दारूच्या पाककृती आता इथेही? शाळकरी मुलं वाचतात. उदात्तीकरण चालू द्या.

चौकीदार (संपादक मंडळ)

धागा प्रौढांसाठीच्या विभागात आहे. विषय पाककृती आणि इतिहासाचा आहे, तो तसाच राहू द्या. भट्टी कशी लावायची यावरचे प्रतिसाद उडवले जातील. आपल्याकडे तो गुन्हा आहे आणि फ्रान्समध्येही कुणी मनाला येईल तसं गाळू शकत नाही.

साळुंकी

दीजाँहून हजर!

आमच्याकडे सगळं कासिसभोवती फिरतं. कासिस म्हणजे ब्लॅककरंट, काळं, आंबट, उग्र वासाचं बारीक फळ. इथली जात 'न्वार द बुर्गोन्य'. कासिस दारूत मुरवून, दाबून, गाळून, साखर घालून 'क्रेम द कासिस' होते. १८४१ मध्ये दीजाँमधल्या लागूत नावाच्या लिकरवाल्याने ती पहिल्यांदा बाजारात आणली. 'क्रेम' म्हटलं तरी दूध-साय काही नाही, साखर जास्त एवढाच अर्थ. युरोपच्या नियमाप्रमाणे साध्या लिकरला लिटरमागे १०० ग्रॅम साखर पुरते, 'क्रेम' म्हणवून घ्यायला २५० लागते आणि क्रेम द कासिसला निदान ४००. एका लिटरमध्ये जवळपास अर्धा किलो! ती तशीच प्यायली तर खोकल्याचं औषध वाटतं.

म्हणून तळाशी थोडी कासिस आणि वर इथलीच आंबटसर पांढरी वाइन, आलिगोते. हे पेय बुर्गोन्यमध्ये आधीपासून होतं, ब्लाँ-कासिस नावाने. फेलिक्स किर हे पाद्री १९४५ ते १९६८ दीजाँचे महापौर होते. नगरपालिकेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते हेच पाजायचे. पेय त्यांनी शोधलं नाही, पण नाव त्यांचं लागलं. आज जगभर 'किर'. वाइनऐवजी फेसाळ क्रेमाँ किंवा शँपेन घातली की किर रोयाल.

प्रमाणावरून घराघरांत भांडणं. जुनी माणसं एकास दोन घालायची, आता एकास चार म्हणजे सढळ हात. पॅरिसच्या कॅफेत पेल्यात नुसती गुलाबी झाक येते आणि बिल पूर्ण येतं.

लेखाधिकारी

'कासिस द दीजाँ' हे नाव मी कायद्याच्या वर्गात ऐकलंय! युरोपियन न्यायालयाचा निकाल. तो हाच का?

साळुंकी

हाच. जर्मनीत नियम होता की फळांच्या लिकरमध्ये निदान २५ टक्के अल्कोहोल हवं. कासिसमध्ये १५ ते २० असतं. रेवे नावाच्या जर्मन दुकान-साखळीला ती आयात करायची होती, त्यांना नकार मिळाला. सरकारचा युक्तिवाद वाचनीय आहे: कमी अल्कोहोलच्या दारूमुळे लोकांना हळूहळू सवय लागते, म्हणून कडकच बरी. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने २० फेब्रुवारी १९७९ ला तो फेटाळला. एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनलेला आणि विकला जाणारा माल दुसऱ्या देशाने सबळ कारणाशिवाय अडवू नये, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. युरोपच्या एकत्र बाजारपेठेचा पाया म्हणून वकील लोक ज्याचा दाखला देतात तो खटला एका गोड लिकरचा आहे.

कडू कारलं

सगळे गोडाधोडाचंच बोलताहेत. फ्रेंच आपेरितीफचा, म्हणजे या जेवणाआधीच्या पेयाचा, आत्मा कडवटपणात आहे. मी क्लेरमाँ-फेराँला दोन वर्षं होतो, तिथे जाँस्यानशिवाय पान हलत नाही.

जाँस्यान म्हणजे पिवळं जेन्शियन. ओव्हेर्न्यच्या डोंगरांवर कुरणांत उगवतं, कमरेच्या वर जातं, पिवळ्या फुलांचे थर. कामाचं असतं ते मूळ. हे झाड भलतंच संथ आहे, पहिलं फूल यायलाच दहाएक वर्षं लागतात. मुळं खणायची ती वीसेक वर्षांच्या झाडांची. एकेक मूळ काही किलोंचं भरतं आणि जमिनीत इतकं घट्ट की त्यासाठी लांब दांड्याचं खास दुदाती अवजार असतं, 'सैतानाचा काटा' म्हणतात त्याला. मला एकदा हातात दिलं होतं. मी त्याला लोंबकळलो, मूळ जागचं हललं नाही, आजूबाजूचे लोक मात्र हसून हलले.

या मुळांपासून सूझ (१८८९ मध्ये बाजारात), सालेर (१८८५), आव्हेझ (१९२९). पिकासोने १९१२ मध्ये सूझच्या बाटलीचं लेबल चित्रात चिकटवलंय, बघा शोधून. सूझ सगळीकडे मिळते, पण माझ्या मते आव्हेझमध्ये माती जास्त आहे. हे कौतुक म्हणून म्हणतोय.

आता गंमत. आपलं काडेचिराईत याच कुळातलं! तापात आजी पाजायची तो काढा आठवा. जिभेच्या मुळाशी बसणारा तोच कडूपणा. फ्रेंचांनी त्यात साखर आणि लिंबाची फोड घालून संध्याकाळ साजरी केली, आपण नाक दाबून प्यायलो.

इशाराही देतो. फुलं नसताना या झाडासारखंच दिसणारं एक विषारी झाड त्याच कुरणांत असतं, पांढरं व्हेराट्रम. जाँस्यानची पानं समोरासमोर जोडीने येतात, त्याची एकाआड एक. नुसतं मूळ बघून कळणं कठीण. हौशी मंडळींनी खणायला जाऊ नये, वाळवलेली मुळं जडीबुटीच्या दुकानात मिळतात.

वैद्यबुवा

वाचून आसव-अरिष्टं आठवली. द्राक्षासव, कुमार्यासव. फरक लक्षात घेण्यासारखा आहे. आसवात मद्य बाहेरून घालत नाहीत. गूळ किंवा मध, धायटीची फुलं आणि औषधी द्रव्यं एकत्र बंद ठेवतात आणि मद्यार्क त्या भांड्यातच तयार होतो, साधारण ५ ते १० टक्के. वनस्पती आंबताना सोबत असते. तुमच्या अक्रोडाच्या वाइनमध्ये आंबण्याचं काम आधीच उरकलेलं असतं, वनस्पती नंतर येते. चवीत फरक पडत असणार.

पंत

आता जरा विरोधी सूर लावतो, कारण ताईंचा मूळ दावा मला अर्धाच पटला.

'खरी परंपरा घरात आणि कंपन्या तिच्यावर पोसल्या' असं म्हणता, पण ओघ बराचसा उलटा आहे. गाळलेली दारू आणि साखर दोन्ही शतकानुशतकं औषधवाल्यांच्या आणि मठांच्या कपाटातल्या महाग वस्तू होत्या. तुमच्या दारातलंच उदाहरण घ्या. कार्थुझियन साधूंना १६०५ मध्ये मार्शल देस्त्रे यांनी एका अर्काचं हस्तलिखित दिलं. ते इतकं किचकट होतं की ग्रांद शार्त्रूझ मठातल्या औषधी विभागाच्या जेरोम मोबेक या साधूने १७३७ मध्ये ते हाती घेतलं, तेव्हा कुठे उलगडा सुरू झाला. त्यातून १३० वनस्पतींचा 'एलिक्सिर' आला. ६९ टक्क्यांचा. साखरेच्या खड्यावर चार थेंब टाकून घ्यायचा, औषध म्हणून. हिरवी शार्त्रूझ ५५ टक्क्यांची. पिवळी, सौम्य, १८३८ ची. १९०३ मध्ये सरकारने साधूंना हाकललं तर ते पाककृती घेऊन स्पेनमध्ये तारागोनाला गेले आणि तिथे बनवत बसले. १९३५ मध्ये दरड कोसळून त्यांची फुर्व्वारीची भट्टी गाडली गेली, मग काम व्वारों गावी हललं. आजही कृती दोन-तीन साधूंनाच ठाऊक. अलीकडे तर मागणी वाढल्यावर त्यांनी उत्पादन वाढवणार नाही असं ठरवून टाकलं, प्रार्थनेला वेळ हवा म्हणून. यात घरगुती काय आहे?

कंकिनाचं, म्हणजे सिंकोनाची साल घातलेल्या गोड वाइनचंही तसंच. सिंकोनाच्या सालीचं क्विनीन पेल्तिए आणि काव्हाँतू या पॅरिसच्या दोन औषधशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये वेगळं केलं. हिवतापावर उपाय, पण कडू जहर. म्हणून ते गोड वाइनमध्ये बुडवायचं. १८४६ मध्ये द्यूबोने, १८६६ मध्ये स्पेनच्या सीमेजवळच्या त्युईर गावात बिर, १८७२ मध्ये बोर्दोजवळ लिले बंधूंची पेढी. बिर विकणारे भाऊ मुळात कापडाचे व्यापारी, आणि त्युईरमध्ये त्यांच्या कंपनीचं लाकडी पिंप अजून उभं आहे, १० लाख लिटरचं. याच सालीसाठी इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे मुंगपूला सिंकोना लावला. फ्रेंचांनी त्यातून आपेरितीफ काढलं, इंग्रजांनी टॉनिक वॉटर.

मग घर कुठे येतं? मला वाटतं एकोणिसाव्या शतकात, बीटाची साखर स्वस्त झाल्यावर.

लेखाधिकारी

पंतांच्या बाजूने एक छोटा पुरावा. धाग्याच्या सुरुवातीपासून ४०-४०-४० चं माप चाललंय, काही ठिकाणी ते '४० साखरेचे चौकोन' असं सांगतात. साखरेचा चौकोनी खडाच मुळी १८४० च्या दशकातला. मोराव्हियातल्या याकुब राड यांनी १८४३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हणून सांगितलं जाणारं ते माप त्या रूपात तरी त्याआधीचं असू शकत नाही.

इझेरकाठची

चौकोनाचा मुद्दा आवडला. पण पंत, तुम्ही नेमकी तीच उदाहरणं घेतलीत ज्यांचे कागद जपले गेले. मठाकडे हस्तलिखित असतं, कंपनीकडे वहीखाते असतात. काटेरी डिऱ्यांची वाइन कुठल्या साधूने लिहून ठेवली? पीचच्या पानांची? ही पेयं अशा गोष्टींची आहेत ज्या विकत घेता येत नाहीत, कुंपणाला लागलेल्या असतात. त्यांना साखर थोडी आणि वाइन घरची. स्वस्त साखर आल्यावर ती गोड झाली असतील, जन्मली असं मी म्हणणार नाही.

आणि साधूंचं नाव लावून विकणं हा तर धंदाच होता. बेनेदिक्तीन घ्या. नॉर्मंडीत फेकाँ गावच्या अलेक्झांद्र ल ग्राँ या वाइन-व्यापाऱ्याने १८६३ मध्ये ती काढली, २७ वनस्पती-मसाले, आणि १५१० सालच्या एका साधूची हरवलेली कृती सापडल्याची कथा जोडली. गावात राजवाड्यासारखा कारखाना बांधला. बाटली छान आहे, मी नाही म्हणत नाही. पण लोकांना साधू विकत घ्यायचा होता, त्याने तो बाटलीत भरून दिला.

शार्त्रूझपुढे मात्र मी हात जोडते. तिथे साधू खरे आहेत.

पंत

कुंपणाचा मुद्दा मान्य. बाकी तहकूब, पुढच्या धाग्यात भेटू.

डिचोलकार

गोंयांतल्यान नमस्कार. ताईंची बरणी बघून आमची दुकशिरी फेणी आठवली. दुकशिरी म्हणजे अनंतमुळाच्या जातीचं सुगंधी मूळ. काजूच्या फेणीत ते घालून ठेवायचं, रंग तांबूस होतो, वास मातीसारखा गोड. पोट बिघडलं की म्हातारी माणसं टोपणभर घ्यायची. साखर नाही, वाइन नाही. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक नावाचं संरक्षण, मिळालं, पण दुकशिरीची बाटली अजूनही बहुतेक ओळखीतूनच मिळते. कडू कारल्यांनी ती चाखायला हवी.

कडू कारलं

पत्ता व्यनि करा. लगेच!

हरिणी

जेनेपीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आल्प्समध्ये स्कीइंगला गेलेला प्रत्येक मराठी माणूस ती पिऊन येतो आणि परत आल्यावर नाव विसरतो.

इझेरकाठची

मुद्दाम राखून ठेवली होती. जेनेपी ही आल्प्समध्ये साधारण २,००० मीटरच्या वर खडकांत उगवणारी बुटकी, राखाडी वनस्पती. आर्टेमिसिया गणातली, म्हणजे आपल्या दवण्याची सख्खी नातेवाईक. जोतिबाला चैत्रात वाहतो तो दवणा चुरडून हुंगलात तर अंदाज येईल, फक्त जेनेपी जास्त थंड आणि कडवट.

तिचं माप लक्षात ठेवायला सगळ्यात सोपं: ४० काड्या, साखरेचे ४० चौकोन, ४० टक्क्यांची १ लिटर दारू, ४० दिवस. काड्या फुलासकट, कात्रीने कापलेल्या. उपटायच्या नाहीत. मुळासकट ओढली की पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही, म्हणून माणशी किती तोडायची यावर मर्यादा आहेत, प्रत्येक जिल्ह्याचा नियम वेगळा. हल्ली शेतात लावलेली जेनेपी विकत मिळते, तीच घ्या. रानातलीच खरी म्हणणारे लोक आहेत, मला फरक कळत नाही.

४० ला काही रासायनिक कारण नाही. वनस्पतीचं जे उतरायचं ते बरंच आधी उतरतं. बायबलमधला आवडता आकडा, शिवाय पाठ करायला बरा.

बंड्या केमिस्ट

विषय निघालाय तर आर्टेमिसियाचा बदनाम भाऊ, अॅबसिंथ ही बडीशेपेच्या वासाची कडक दारू. फ्रान्सने १९१५ मध्ये त्यावर बंदी घातली. लोकांना बडीशेपेच्या वासाची सवय झालेली, ती कुठे जाणार? १९३२ मध्ये मार्सेयला पॉल रिकार यांनी आपला पास्तिस आणला: चक्रीफूल, ज्येष्ठमध, प्रोव्हाँसच्या वनस्पती. ४५ टक्के, त्यात पाचपट पाणी. पाणी पडताच पारदर्शक पेय दुधाळ होतं, कारण अॅनेथोल हे वासाचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. आपल्या बडीशेपेत तेच अॅनेथोल आहे. आधी पाणी, मग बर्फ. उलट केलं तर तेलाचे कण गोठून वर तवंग येतो आणि मार्सेयचा माणूस तुमच्याकडे दयेने बघतो.

नागपुरी तडका

कडू संत्र्यांच्या वाइनबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे संत्र्याची काही कमी नाही. नागपुरी संत्रं चालेल का? नाशिकची रोझे आहेच.

इझेरकाठची

होईल, पण ती वेगळीच गोष्ट होईल. प्रोव्हाँसमध्ये 'बिगाराद' वापरतात, मार्मालेडचं कडू संत्रं. त्याच्या सालीत तेल भरपूर आणि गराभोवतीचा पांढरा भागही कडू, तोच कडूपणा रोझेच्या गोडाला धरून ठेवतो. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि गोडसर, नुसती घातली तर सरबताची आठवण येईल. मी असते तर एक-दोन पपनस किंवा ग्रेपफ्रूटच्या साली पांढऱ्या भागासकट त्यात घातल्या असत्या आणि साखर पाऊण केली असती. इथलं माप: ५ कडू संत्री, १ गोड संत्रं, १ लिंबू, ४ लिटर रोझे, १ लिटर दारू, १ किलोच्या आत साखर, व्हॅनिलाची शेंग. चकत्या करून, बिया काढून, ४० दिवस. प्यायची ती उन्हाळ्यात, बर्फासारखी गार.

बंड्या केमिस्ट

सगळे उत्साहात आहेत म्हणून एक सावधगिरी. वर पीचच्या पानांचा उल्लेख आलाय. त्यांना कडू बदामाचा जो वास येतो, तो ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांच्यातूनच सायनाइड सुटतं. मापात केलेल्या वाइनच्या छोट्या पेल्याने काही होत नाही, पण मुठीने पानं घालू नका. जर्दाळूच्या बियांच्या आतल्या गराचं तर जास्त जपून. पॅरिसजवळच्या प्वासीचं 'न्वायो' हे त्याच गरावरचं जुनं प्रसिद्ध लिकर, ते जाणती माणसं करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी एका वेळी तीन लहान बिया ही हद्द सांगितली आहे. घरी प्रयोग नको.

पोटोबा

म्हणजे अक्रोड, संत्रं आणि जेनेपी, बाकी बघ्याची भूमिका. माझ्याकडे गच्चीत गवती चहा माजलाय. लिकर होईल?

इझेरकाठची

का नाही. ल पुई गावाची 'व्हर्व्हेन द्यू व्हले' नावाची लिकर १८५९ पासून प्रसिद्ध आहे, ३२ वनस्पतींची, त्यात मुख्य लिंबाच्या वासाचं व्हर्व्हेन. गवती चहा आणि ते, दोघांचा वास सिट्रालचाच. पण हिरवी पानं ४० दिवस ठेवू नका, गवताचा आणि चोथ्याचा वास येतो. पानं धुऊन पूर्ण कोरडी करा, कापा, वोडकात बुडवून पाच-सहा दिवसांत काढून टाका. मग लिटरला २५० ग्रॅम साखरेचा थंड पाक, आणि महिनाभर विश्रांती. हिरवा रंग उजेडात पिवळा पडतो, बाटलीला कागद गुंडाळा.

पोटोबा

पाक एकतारी की नुसता विरघळवून?

इझेरकाठची

नुसता विरघळवून. एकतारी केलात तर तळाशी खडे बसतील.